एच-इंडेक्स आणि टेलचं पाणी

पाऊस लागला की येलदरीत आणि आसपासच्या गावांत एकच प्रश्न फिरतो : धरण किती टक्के झालं? जिंतूरच्या बाजारात भेटलेला माणूस तब्येतीची चौकशी नंतर करतो, टक्का आधी विचारतो. पूर्णेवरचं हे धरण भरलं की पाणी खाली सिद्धेश्वरला जातं आणि तिथून कालव्यांनी पुढे. पण कालव्याच्या शेवटाला, म्हणजे टेलला ज्याचं शेत आहे त्याला त्या टक्क्यात फारसा रस नसतो. धरण काठोकाठ असतानाही आपली हळद सुकलेली त्याने पाहिलेली असते. तो विचारतो, पाणी टेलला कधी येणार?

गेल्या उन्हाळ्यात ही गोष्ट मला वेगळ्याच कामी आली. शेजारचा बी.एस्सी.ला असलेला मुलगा मोबाइल घेऊन ओट्यावर आला. त्याच्या आजीचा तोल जाऊ लागला होता. अंधारात भिंत धरल्याशिवाय चालवेना, आणि पाय कापसावर पडल्यागत वाटतात असं ती सांगायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टना, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं होतं. मुलाने इंटरनेटवरून दोन नावं काढली होती. "काका, यांचे एकशेवीस पेपर आहेत, एच-इंडेक्स एकोणीस. आणि या दुसऱ्यांचे नुसते नऊ पेपर. मग पहिल्यांकडेच न्यायचं ना?"

हो किंवा नाही म्हणून भागण्यासारखं नव्हतं. पेपरचे आकडे म्हणजे धरणाचा टक्का, रुग्ण मात्र टेलला असतो. त्याला शेजारी बसवून जे सांगितलं, तेच इथे जरा ऐसपैस मांडतो.

वैद्यकातला शोधनिबंध म्हणजे कुणा डॉक्टरने किंवा संशोधकाने जे पाहिलं, मोजलं, पडताळलं त्याची नियतकालिकात छापलेली हकिगत. त्याच्या शेवटी आधीच्या कोणकोणत्या कामाचा आधार घेतला त्याची यादी असते. त्या यादीत तुमच्या निबंधाचं नाव आलं की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. मराठीत त्याला दाखला म्हणावं. आपण बोलताना थोरामोठ्यांचा दाखला देतो, तसाच हा. वीस जणांनी आपापल्या निबंधांत तुमचा आधार घेतला की वीस दाखले.

हे दाखले पद्धतशीर मोजायची सोय अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात यूजीन गारफिल्ड यांनी केली. १९५५ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' हा जाडजूड सूचिग्रंथ बाजारात आणला. हेतू उपयोगाचा होता. एखादं जुनं काम पुढे कुणी वापरलं, कुणी खोडलं, हे अभ्यासकाला एका जागी सापडावं. नियतकालिकाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर'ही याच घरातला. आधीच्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या निबंधांना यंदा एकूण किती दाखले मिळाले, त्याला निबंधांच्या संख्येने भागायचं. हा आकडा नियतकालिकाचा आहे. त्यात छापलेल्या एकेका निबंधाचा नाही आणि लिहिणाऱ्या माणसाचा तर नाहीच. ज्या अंकात एक निबंध तीनशे दाखले मिळवतो, त्याच अंकात शून्य दाखल्यांचे चार निबंध शांतपणे पडून असतात.

माणसाला मोजायचा आकडा २००५ मध्ये आला. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवलेला हा एच-इंडेक्स. रीत अगदी सोपी आहे. निबंध दाखल्यांच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा एकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ७, ४ आणि २ दाखले आहेत. चौथ्या निबंधाला निदान चार दाखले आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. आता दुसरा संशोधक घ्या. त्याचे तीनच निबंध, दाखले ९००, ३ आणि १. दुसऱ्याला निदान दोन आहेत, तिसऱ्याला तीन नाहीत. एच-इंडेक्स २. ज्याच्या एका निबंधावर नऊशे जणांनी पुढचं काम उभं केलं, तो या हिशेबात पहिल्याच्या निम्मा ठरतो. मुलाने हे वहीवर स्वतः मांडून पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

हा आकडा कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढत राहतो. त्यामुळे पस्तिशीतल्या डॉक्टरची साठीतल्या प्राध्यापकाशी तुलना त्यावरून करणं निरर्थक. एकाच व्यक्तीचा आकडा गूगल स्कॉलर या सूचीत एक दिसतो आणि स्कोपस या सूचीत दुसरा, कारण पहिल्याचं जाळं रुंद आहे आणि दुसऱ्याचं निवडक. शिवाय जगभरच्या आजारांचा भार मोजणाऱ्या काही मोठ्या अभ्यासांना शेकडो लेखक असतात आणि हजारो दाखले. त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर ते सगळेच्या सगळे जमा होतात.

आता एका माणसाचं काम जवळून पाहू, म्हणजे आकड्यांत काय येतं आणि काय निसटतं ते कळेल.

डॉ. नोशीर वाडिया यांचा जन्म १९२५ चा. इंग्लंडमधलं शिक्षण संपवून १९५७ मध्ये ते मुंबईला परतले आणि भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी न्यूरॉलॉजीचं काम उभं केलं. पुढे जसलोक रुग्णालयातही ते बरीच वर्षं होते. जे. जे. च्या बाह्यरुग्ण विभागात महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही माणसं यायची. त्यात काही जण तोल जाणारे, हात थरथरणारे, बोलणं जडावलेले होते. छोट्या मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा हा घराण्यातून उतरणारा ऱ्हास तेव्हाही पुस्तकांत होता. वाडियांना त्यातल्या काही घराण्यांत एक निराळी गोष्ट दिसली : या माणसांचे डोळे सावकाश हलतात.

ही गोष्ट समजायला एक प्रयोग करून पाहा. घरातल्या कुणाला समोर बसवा आणि डोकं न हलवता तुमच्या डाव्या हाताच्या बोटाकडे, मग उजव्या हाताच्या बोटाकडे बघायला सांगा. बुबुळ एका झेपेत इकडून तिकडे जातं. ती झेप इतकी जलद असते की मधला प्रवास आपल्याला जवळपास दिसतच नाही. आत्ता ही ओळ वाचतानाही तुमचे डोळे सरकत नाहीत, शब्दांच्या एका घोळक्यावरून दुसऱ्यावर झेपा घेत आहेत. या झेपेचा हुकूम मेंदूच्या देठातल्या ठरावीक पेशींच्या गटातून सुटतो. वाडियांच्या रुग्णांत ती झेपच मेली होती. बुबुळ चिखलातून चालल्यासारखं एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायचं. काहींना तेही जमायचं नाही, मग ती माणसं मान झटक्याने वळवून किंवा डोळे मिचकावून काम भागवायची. घरच्यांना वाटायचं, याला खोड लागली आहे.

वाडियांनी आणि आर. के. स्वामी यांनी अशी नऊ कुटुंबं गोळा केली, त्यांच्या वंशावळी मांडल्या आणि १९७१ मध्ये लंडनच्या 'ब्रेन' या नियतकालिकात निबंध छापला. त्यांचं म्हणणं, सावकाश डोळ्यांचा हा वेगळाच आनुवंशिक आजार आहे. तेव्हा ते पडताळायला ना एमआरआय होता, ना जनुक वाचायची सोय. हातात होती डॉक्टरची नजर, दोन बोटं आणि घराण्यांची टिपणं.

पुढे बावीस वर्षांनी, १९९३ मध्ये, क्युबातल्या अशाच घराण्यांवरून एका अॅटॅक्सियाची, म्हणजे तोल जाण्याच्या आजाराची, जागा बाराव्या गुणसूत्रावर सापडली. तिला 'एससीए २' असं नाव मिळालं. १९९६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी जनुक शोधलं. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरांची जुळणी पुन्हा पुन्हा येते. ती ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली की आजार होतो, आणि जितकी जास्त तितका लवकर. मग वाडियांनी आपल्या भारतीय कुटुंबांची तपासणी करवून घेतली आणि १९९८ मध्ये त्याच 'ब्रेन'मध्ये सहा घराण्यांचा निबंध दिला. सावकाश डोळ्यांचा हा आजार एससीए २ च होता. हा निबंध आला तेव्हा वाडिया त्र्याहत्तर वर्षांचे होते. पहिल्या आणि या निबंधात सत्तावीस वर्षांचं अंतर. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि २०१६ मध्ये ते गेले.

आता हिशेबाची गंमत बघा. १९९६ नंतर या आजारावर जगभर शेकडो निबंध आले, पण त्यांत आधार दिला जातो तो बहुतेक जनुकाच्या निबंधांना. 'एससीए २ मध्ये डोळ्यांची झेप मंदावते' हे वाक्य आता कुठल्याही दाखल्याशिवाय लिहितात, कारण ते पाठ्यपुस्तकातलं ज्ञान झालं. वरणात मीठ किती पडलं ते चवीला कळतं, पण मीठ कुठे आहे ते दाखवता येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं : काम जितकं सगळ्यांच्या अंगवळणी पडतं, तितके त्याचे दाखले आटतात. कंपवाताबद्दल लिहिणारे किती जण १८१७ चा जेम्स पार्किन्सन यांचा निबंध यादीत लिहितात? माझ्या मते संशोधकाच्या वाट्याला येणारा हा सर्वांत मोठा मान आहे, आणि नेमका तोच मोजणीतून गळतो.

वाडियांचं आणखी एक काम असंच आहे. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. १९६९ मध्ये घानात सुरू झालेली ही साथ त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरल्यामुळे 'अपोलो' या नावानेही ओळखली गेली. बंगालमध्ये लोक तिला 'जय बांगला' म्हणत. लाल डोळे चार-सहा दिवसांत बरे होत, लोक विसरून जात. पण वाडिया आणि त्यांचे सहकारी इराणी व कटरक यांच्या लक्षात आलं की काही रुग्णांचे पाय नंतर पोलिओसारखे लुळे पडत आहेत. डोळ्यांचा डॉक्टर वेगळा, पायांचा वेगळा. मधला धागा कुणी जोडणार नव्हतं. या तिघांनी तो जोडला आणि १९७२ व १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडला. पुढे साथी विरळ झाल्या, तसे दाखलेही ओसरले. म्हणून काय निरीक्षणाचं मोल कमी झालं? ती साथ उद्या परत आली, तर पहिल्यांदा हेच निबंध उघडले जातील.

असं उघडणं खरोखर कसं घडतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू मिळाला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये त्याची नोंद केली. गावाचं नाव विषाणूला लागलं आणि तो निबंध जवळजवळ चार दशकं बाजूला पडून राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. काही तासांत ताप, झटके, बेशुद्धी. शोधता शोधता हात त्या जुन्या निबंधापर्यंत गेला. कारण होतं चांदीपुरा. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते, आणि २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा आला. हॉलंडमधले अभ्यासक व्हॅन रान अशा निबंधांना 'निद्रिस्त सुंदरी' म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला कोरड्या जमिनीत तग धरून राहिलेलं बी जास्त पटेल. १९९० साली कुणी भट्ट-रॉड्रिग्ज यांचे दाखले मोजले असते, तर ते काम कमीच लेखलं असतं.

तिसरी हकिगत मला जास्त लागते. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधल्या डॉ. भीमसेन सिंघल यांच्याकडे अगरवाल समाजातली काही मुलं येत होती. पहिल्या वर्षातच डोकं मोठं होत जायचं, चालणं उशिरा यायचं आणि पुढे ढासळायचं. मेंदूचं चित्र काढलं की पांढरा भाग इतका सुजलेला दिसायचा की हे मूल अंथरुणाला खिळलेलं असणार असं वाटावं. पण मूल समोर बसून बोलत असायचं. सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गुरसहानी, बिनीवाले आणि उदानी यांनी, १९९१ मध्ये टोकियोच्या परिषदेत हे मांडलं. ते परिषदेच्या कार्यवृत्तात छापलं गेलं. ते वृत्त किती ग्रंथालयांत गेलं असेल? सूचीत त्याला जागाच नव्हती.

१९९५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या मार्जो व्हॅन डर नॅप यांनी आठ मुलांवरून याच आजाराचं वर्णन 'अॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी'मध्ये केलं. मेंदूच्या चित्रांवरून त्यांनी केलेली मांडणी फार नेमकी होती, तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मुंबईच्या गटाचा सविस्तर निबंध १९९६ मध्ये आला. तोवर आजाराला व्हॅन डर नॅप हे नाव चिकटलं होतं. २००१ मध्ये जनुक सापडलं आणि २००४ मध्ये सिद्ध झालं की अगरवाल कुटुंबांतल्या रुग्णांत त्या जनुकातला एकच समान बदल आहे. याचा उपयोग प्रत्यक्ष आहे. लग्नाआधी किंवा गरोदरपणात एका तपासणीने घरातली शंका फिटते.

इथे कुणी कुणाचं काही हिरावलं नाही. पण परिषदेच्या कागदांत छापणं आणि गाजलेल्या नियतकालिकात छापणं यातलं चार वर्षांचं अंतर किती महाग पडतं ते दिसतं. दाखला ऐकणाऱ्यांची संख्या मोजतो. पहिल्यांदा कुणी पाहिलं, ते मोजत नाही. परभणीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या तरुण डॉक्टरांना कुणी वडीलधाऱ्याने हे सांगावं असं मला मनापासून वाटतं : निराळं काही दिसलं तर तिथल्या तिथे नीट लिहा आणि जिथे जग वाचतं तिथे पाठवा. फाइलीत ठेवू नका.

उलट बाजूही आहे. खूप दाखले म्हणजे खरं, असं नाही. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये अल्झायमरच्या आजारावर एक निबंध आला. उंदरांच्या मेंदूतल्या एका विशिष्ट प्रथिनामुळे स्मृती जाते असा त्यात दावा होता. त्याला दोन हजारांहून अधिक दाखले मिळाले. २०२२ मध्ये 'सायन्स'ने छापलेल्या शोधवृत्तात त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचा संशय मांडला गेला आणि २०२४ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. सोळा वर्षं ज्यांनी त्यावर इमला रचला, त्यांचे दाखले मात्र मोजणीत जसेच्या तसे राहिले.

आणि निकृष्ट माल छापून देणारी दुकानंही आहेत. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या यादीतली १,००९ नियतकालिकं तपासली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष दिला : त्यातली सुमारे ८८ टक्के निकषांना उतरत नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीला निबंधांची अट असते. ज्याच्यावर रोजच्या दोनशे रुग्णांचा भार आहे त्या डॉक्टरला निबंधही लिहायला लावलं, की काही जण खरं संशोधन करतील आणि काही जण दुकान गाठतील. दोष मला अटीत जास्त दिसतो. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा निघाला, त्यात हेच म्हटलं होतं की माणसाची पारख नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नका, त्याचं काम वाचा. सही करणाऱ्या संस्था जगभर हजारो झाल्या. वाचणारे किती झाले, ते सांगता येत नाही.

सर्वाधिक दाखल्यांच्या यादीत पहिलं कोण हे सांगितलं तेव्हा मुलाला आश्चर्य वाटलं. तो १९५१ चा, प्रथिनं कशी मोजावीत याची कृती सांगणारा लॉरी यांचा निबंध आहे. त्याला तीन लाखांहून अधिक दाखले आहेत. न्यूरॉलॉजीतही १९७५ ची फोल्स्टिन यांची स्मृती तपासायची छोटी प्रश्नावली असाच भरघोस आकडा मिळवते. कारण ती रोज वापरतात. जे साधन झालं त्याला दाखले मिळतात. पण त्या प्रश्नावलीत वाक्य लिहायला सांगतात, शब्द उलटा म्हणायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला हे विचारलं तर ती नापास होणार, आणि तिची स्मृती शाबूत असेल. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा माणसांसाठी तिची हिंदी आवृत्ती तयार केली. मूळ प्रश्नावलीच्या तुलनेत तिचे दाखले नगण्य आहेत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला मात्र कामाची हीच.

आणि टेलपर्यंत पाणी नेणाऱ्या माणसाबद्दल सांगायचं तर आपल्याच शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. ते न्यूरॉलॉजिस्ट नाहीत. कोकणातल्या महाडला त्यांचा दवाखाना. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना असं चेतवतं की हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी साचतं. १९८२ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये याची सुरुवातीची लक्षणं लिहिली आणि १९८६ मध्ये तिथेच प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग. २०११ मध्ये 'बीएमजे'त प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास काय होतं याची चाचणी आली. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही, मोठं अनुदान नाही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावून दवाखान्यात आणलेलं मूल आज बहुतेक वेळा घरी परत जातं, यात त्या निबंधांचा वाटा आहे, आणि ते मूल कुणाचा दाखला देत नाही.

हे सगळं ऐकून मुलगा म्हणाला, "मग काका, बघायचं तरी काय?" मी म्हटलं, आकडा बघ, पण शेवटी. आधी निबंधांची नावं वाच. आजीला जे होतंय त्याच्या जवळचं काही आहे का? लेखकांच्या रांगेत यांचं नाव पहिलं किंवा शेवटचं आहे की तीस जणांत सतरावं? दाखले बाहेरच्यांनी दिले आहेत की स्वतःच स्वतःला? आणि ज्यांचे नऊच निबंध आहेत किंवा एकही नाही, ते वाईट डॉक्टर असं मुळीच समजू नकोस. जिल्ह्याच्या गावी दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या बहुतेक चांगल्या डॉक्टरांकडे लिहायला वेळ नसतो. तपासण्याचं कसब कुठल्याही यादीत उतरत नाही.

शेवटी ते नांदेडला गेले, नऊ निबंधवाल्यांकडे. कारण ते जवळ होते आणि लवकर वेळ मिळाली. परत आल्यावर मुलाने सांगितलं, डॉक्टरांनी पहिल्यांदा आजीला डोकं न हलवता या बोटाकडून त्या बोटाकडे बघायला सांगितलं. डोळे झटकन फिरले. मग घोट्यांवर कंप पावणारा स्वरकाटा लावला, त्याचा कंप आजीला कळलाच नाही. डोळे मिटून उभं राहायला सांगितल्यावर ती डोलली. रक्त तपासलं, बी १२ जीवनसत्त्व फार कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली. आजी आता दिवसाउजेडी काठीशिवाय चालते, रात्री अजून भिंत धरते.

तुमच्या घरी कुणाचा तोल जात असेल, तर डॉक्टरकडे जाताना एका कागदावर तीन पिढ्या लिहून न्या : आजी-आजोबा, आई-वडील, मामा-आत्या, भावंडं, कुणाला असंच होत होतं, कितव्या वर्षी सुरू झालं, कोण कशाने गेलं. वाडियांची नऊ कुटुंबं अशाच कागदांवरून कळली.